तेहरानच्या खानमना उत्तरात काय लिहू?

डॉक्युमेंटवाली (इंदूर)
29 ऑक्टोबर 2022

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी सोया डीओसी निर्यात करणाऱ्या एका फर्ममध्ये डॉक्युमेंट बघते. (इंदूरबाहेरच्यांसाठी: सोयाबीनचं तेल काढल्यावर जी पेंड उरते ती डीओसी. कोंबड्यांच्या खाद्यात जाते.) बी/एल (जहाजावर माल चढल्याची पावती), फायटो (मालात कीड-रोग नसल्याचा दाखला), ओरिजिन (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला), पॅकिंग लिस्ट, सगळं माझ्या टेबलावरून जातं. एके काळी आमचा बराचसा माल कांडल्याहून इराणलाच जायचा. मागच्या वर्षी सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांपर्यंत चढलं, तेव्हा तिकडचे खरेदीदार ब्राझीलकडे वळले ते वळलेच. आता काम नावापुरतं आहे, ओळखी राहिल्यात.

खरेदीदाराच्या तेहरान ऑफिसात एक बाई आहेत. नाव लिहीत नाही, खानम (म्हणजे बाईसाहेब) म्हणते. आमचं कित्येक वर्षांचं बोलणं म्हणजे मुख्यतः भांडण. पोत्यावरच्या मार्किंगमधलं एक अक्षर ड्राफ्टमध्ये इकडचं तिकडे दिसलं की आख्खा सेट परत. पण मेलची सुरुवात कायम माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करून. नवरोजला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, टेबलावरच्या हफ्त-सीनचा (सणाच्या मांडणीचा) फोटो यायचा, गव्हाचे अंकुर, लसूण, सफरचंद मांडलेला. दिवाळीला मी रांगोळीचा पाठवायची.

21 सप्टेंबरला तिकडे व्हॉट्सॲप बंद केलं. तेव्हापासून एकच टिक. यंदाच्या रांगोळीलाही एकच टिक. परवा मेल आला. एका जुन्या शिपमेंटच्या फायटोची कॉपी मागितली आहे, आणि सहीच्या वर एक ओळ: ‘दिवस बरे नाहीत, आमची आठवण ठेवा.’

फायटो स्कॅन करून तयार आहे. मेल काही लिहून होत नाही.

आता दुसरी बाजू. 13 तारखेला कर्नाटकच्या कॉलेजांतल्या हिजाबबंदीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाचे दोन न्यायमूर्ती दोन दिशांना गेले. तेव्हापासून आमच्या सुदामा नगरच्या ग्रुपवर महसा अमिनीचा फोटो रोज सकाळी ‘सुप्रभात’च्या पाठोपाठ येतो. एक गट म्हणतो, बघा, त्यांच्याच बायका हिजाब जाळताहेत, मग इथल्या पोरींना कशाला हवा? दुसरा म्हणतो, सगळं विदेशी कारस्थान. बावीस वर्षांची पोरगी, सक्केझहून तेहरानला आलेली, तिला गश्त-ए-इर्शादने (तिकडच्या पेहराव तपासणाऱ्या पोलिसांनी) डोक्यावरच्या रुमालावरून धरून नेलं आणि तीन दिवसांनी ती दवाखान्यात मेली, यावर कुणी थांबतच नाही. भाऊबीजेला भाच्याने व्हिडिओ दाखवला: तिच्या चाळिसाव्याला रस्ते अडवलेले, म्हणून माणसं शेतातून, नदीच्या कडेने कब्रस्तानाकडे चाललीत, नजर पोचेल तिथपर्यंत. मला बघून भरून आलं. आणि या पठ्ठ्याने तोच व्हिडिओ ‘आता बोला!’ लिहून ग्रुपवर टाकला. कुणाला बोलायचं होतं त्याला?

तिकडे राहिलेलं कुणी आहे का इथे? खानमना ‘काय चाललंय’ असं विचारायचं की नाही? आणि भाच्याला काय सांगायचं?

---

भवरकुआं_एक्सप्रेस

ताई, एवढा काय विचार करता! हात जोडलेला इमोजी, फायटो अटॅच, काम तमाम.

---

चिनारवाला (मूळचा रामबाग, हल्ली पुणे)

इमोजी नका टाकू ताई. (एक्सप्रेसभिया, राग मानू नका.)

मी 2009 च्या आगेमागे काही वर्षं इराणात होतो. काम असलुयेला, गॅस प्रकल्पावर. तिथे उन्हाळ्यात हातातला पाना चटका देतो. हेड ऑफिस तेहरानात, म्हणून वली अस्र रस्त्याला लागून एका गल्लीत खोली घेतलेली. हा रस्ता रेल्वे स्टेशनपासून तजरीशपर्यंत सतरा-अठरा किलोमीटर चढत जातो. दोन्हीकडे चिनार, आणि त्यांच्या मुळाशी उघड्या पाटातून डोंगराचं पाणी. खाली गरीब वस्ती, वर श्रीमंत. पाणी वरून स्वच्छ निघतं आणि खाली पोचेस्तोवर काय काय घेऊन येतं ते सांगत नाही.

माझी घरमालकीण सत्तरीची. नमाज चुकवायची नाही, चादर (डोक्यापासून पायापर्यंत झाकणारं वस्त्र) घेतल्याशिवाय दारात यायची नाही. 12 जून 2009 ला अध्यक्षाची निवडणूक झाली. मतदान व्हायच्या आतच एसएमएस बंद पडले होते. दुसऱ्या दिवशी अहमदीनेजाद भरघोस मतांनी जिंकले असं जाहीर झालं आणि लोक ‘माझं मत कुठे आहे?’ असे कागद घेऊन बाहेर आले. 15 तारखेला आझादी चौकाकडे गेलेला मोर्चा मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिला. लाखो माणसं, मनगटाला हिरव्या पट्ट्या, आणि घोषणा नाही. कुणी ओरडायला लागलं की शेजारचाच ओठांवर बोट ठेवायचा. ऑफिसातला चहावाला ट्रे हातात धरून तिथेच उभा राहिला होता, त्याला कुणी हाक मारली नाही.

रात्री दहाच्या सुमारास गच्च्यांवरून ‘अल्लाहु अकबर’ सुरू व्हायचं. मला वाटलं, सरकारच्या बाजूचे. मग बघतो तर आमच्या बाई धापा टाकत जिना चढताहेत. म्हणाल्या, शाहच्या विरुद्धसुद्धा आम्ही याच गच्चीवरून हेच ओरडलो होतो. आता हे ओरडल्याबद्दल कुठल्या तोंडाने पकडतील? त्या ओरडत होत्या तिथेच बाजूला जुन्या बेडशीटखाली डिश अँटेना. डिशवर बंदी, आणि इमारतीत ज्याच्या-त्याच्याकडे डिश.

भाच्याला ही बाई सांगा. डोक्यावर पूर्ण चादर आणि सरकारवर खवळलेली. उलट, तेहरानच्या उत्तर भागात रुमाल मानेवर घसरलेल्या अशाही बायका पाहिल्या ज्यांच्या घरची चूल सरकारी कंत्राटावर पेटत होती. डोकं बघून बाजू ओळखता येत नाही तिथे.

चाळिसाव्याबद्दल थोडं, कारण इथल्या बातम्यांत ते निसटतं. तिकडे तिसरा, सातवा, चाळिसावा आणि वर्ष पाळतात. आपल्याकडे तेराव्याला गोडाचं होऊन घर सुतकातून बाहेर येतं. त्यांच्याकडे चाळिसाव्याला सगळे पुन्हा कबरीवर जमतात. जानेवारी 1978 मध्ये कुम शहरात शाहविरोधी निदर्शकांवर गोळीबार झाला. चाळीस दिवसांनी तब्रीझमध्ये शोकसभा, तिथे आणखी माणसं गेली. त्यांच्या चाळिसाव्याला यज्दमध्ये तेच. वर्षभरात शाह देश सोडून विमानात बसला. मोर्चाला परवानगी नाकारता येते. चाळिसाव्याला नाही म्हणणं या राजवटीला जड जातं, ती स्वतः त्याच पायऱ्या चढून वर आली आहे. म्हणून सक्केझचे रस्ते अडवले, आणि म्हणून लोक शेतातून गेले.

आता तुमचा मेल. घटनांबद्दल अजिबात विचारू नका. मेल कंपनीचा, वाचणारा कोण ते आपल्याला ठाऊक नाही, आणि रस्त्यात अडवून फोन उघडायला लावतात. ‘तुमच्या धैर्याला सलाम’ लिहून मन तुमचं हलकं होईल, चौकशी त्यांची होईल. व्हिडिओ तर चुकूनही पाठवू नका. त्यांच्या शहरातलं त्यांना आपण काय दाखवणार? घरच्यांची विचारपूस करा. न लिहिलेलं वाचायची त्या लोकांना सवय असते. तिथला टॅक्सीवाला भाडं विचारलं की ‘राहू द्या हो’ म्हणतो, आणि पाहुणा खरंच उतरून चालायला लागला की मागून हाका मारतो. इतक्या आडवळणाने बोलणाऱ्यांना तुमची एक साधी ओळ पुरेल.

---

निष्पक्ष_इंदूरी

सगळे भावुक झालेत. 1953 विसरू नका. तिथल्या पंतप्रधान मोसद्दिकने 1951 मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, अमेरिका-ब्रिटनने मिळून त्याला उलथवला. आजही तेच. इंग्रजी चॅनेलवर रात्रंदिवस दिसतंय म्हणजे पटकथा कुठली ते समजून घ्या. निर्बंध उठवा, लोक घरी जातील.

---

डॉक्युमेंटवाली (इंदूर)

चिनारवाले दादा, काय लिहिलंत! घरमालकीणबाई भाच्याला फोनवर वाचून दाखवल्या. ‘हूं’ म्हणाला.

निष्पक्षभाऊ, 1953 कुणी नाकारत नाही. निर्बंधांचा मार तर मी टेबलावर बसून मोजलाय. 2012 नंतर आपण तेलाचे पैसे युको बँकेच्या रुपया खात्यात भरायचो आणि त्याच पैशातून इराण आपल्याकडून तांदूळ, चहा, डीओसी उचलायचा. 2019 च्या मे महिन्यात अमेरिकेने निर्बंधांतून दिलेली सवलत संपली, आपण तेल घेणं थांबवलं, खात्यात नवा पैसा येईना. त्यानंतर खानमचा प्रत्येक मेल ‘पेमेंटसाठी थोडी कळ काढा’ने संपायचा. तर तो भाग खरा.

पण सगळं त्यावर ढकलू नका, कोंबडीचं ऐका. एप्रिल 2018 मध्ये त्यांच्या सरकारने डॉलरला 42,000 रियाल असा भाव बांधून दिला. पुढे खुल्या बाजारात डॉलर कुठल्या कुठे गेला (2015 च्या अणुकराराच्या वेळी साधारण 33 हजार होता, आता, ऑक्टोबर 2022 मध्ये, सव्वातीन लाखांच्या वर आहे), पण मका, सोया पेंड, औषधं असल्या वस्तूंसाठी स्वस्त डॉलर चालूच. हेतू चांगला: पेंड स्वस्त, तर कोंबडी स्वस्त. छावनी मंडीतल्या कुठल्याही हमालाला विचारा, बाजारात एवढ्या चढ्या भावाने विकला जाणारा डॉलर एखाद्याला सरकारकडून पाण्याच्या भावात मिळाला तर तो काय करेल? ज्याची ओळख त्याला लायसन्स. ऑर्डर येताना रोज नवीन कंपनीचं नाव, आणि फोनवर तोच जुना आवाज. माल तोच, बंदर तेच, कन्साइनी (कागदावरचा माल घेणारा) तिसराच. मी कन्साइनीचं नाव तीन-तीनदा बदलून बी/एलचे ड्राफ्ट काढलेत. स्वस्त पेंड गेली कुणाच्या घशात ते मला माहीत नाही असं नाही, सिद्ध करता येत नाही एवढंच. खानम एकदा म्हणाल्या होत्या, ‘तुमची पेंड आमच्या कोंबडीपेक्षा जास्त माणसांना पोसते.’

यंदा मे महिन्यात तो स्वस्त डॉलर बंद केला. कोंबडी, अंडी, दूध, खायचं तेल एका फटक्यात महाग. खुजिस्तानकडे लोक रस्त्यावर आले. तेव्हा कुणी डोक्यावरचं काढलं नव्हतं, म्हणून आपल्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला नाही. अमेरिकेने निर्बंध घातले हे मान्य, लायसन्स कुणाला द्यायचं ते तेहरानात बसून ठरत होतं.

---

सियागंजवाला

केसर-पिस्त्याचं काम आहे माझं, वडिलांपासून. मशहदकडच्या पार्टीशी बोलणं होतं, तेही दुबईच्या माणसामार्फत. सध्या केसरचा सीझन, ऑक्टोबर-नोव्हेंबर, पहाटे फुलं खुडायची असतात, शेत कुणासाठी थांबत नाही. पार्टी सांगत होती, शटर अर्धं ठेवतो. पूर्ण पाडलं तर संप केला म्हणून दुकानाला सील, पूर्ण उघडलं तर गल्लीतली पोरं नावं ठेवतात. व्यापारी माणसाचं हेच. बाकी राजकारण आपल्याला कळत नाही. ताई, मेल साधा ठेवा.

---

मांडवीकर (बडोदे)

सियागंजवाले भाऊ म्हणतात राजकारण कळत नाही, पण इराणात राजकारण दुकानाच्या शटरवरूनच कळतं. डिसेंबर 1905 मध्ये साखर महागली म्हणून तेहरानच्या गव्हर्नरने साखरेच्या व्यापाऱ्यांच्या तळपायांवर फटके मारवले. बाजार बंद झाला. पुढच्या उन्हाळ्यात हजारो लोक ब्रिटिश वकिलातीच्या बागेत आश्रयाला जाऊन बसले, व्यापारी, कारागीर, विद्यार्थी. तंबू ठोकले, मोठाल्या हंड्यांत जेवण शिजायचं. वर्षअखेरीला, मरणाला टेकलेल्या मुझफ्फरुद्दीन शाहने राज्यघटनेवर सही केली. त्याच्याही आधी, 1891 मध्ये तंबाखूचा मक्ता एका इंग्रजाला दिला म्हणून अख्ख्या देशाने हुक्का सोडला, शाहच्या जनान्यातल्या बायकांनीसुद्धा. तेव्हा ‘यांना बाहेरून कुणी शिकवलं’ म्हणणाऱ्यांनी जरा जपून. विदेशी माणूस त्या गोष्टीत बहुतेक वेळा समोरच्या बाजूला असतो.

मी इथल्या म. स. विद्यापीठात फारसी शिकले, पुढे शाळेत इतिहास शिकवत आले. तुमच्या भाच्यासाठी माझ्याकडे दोन तारखा आहेत.

पहिली 8 जानेवारी 1936. रझा शाहने (1979 मध्ये गेलेल्या शाहच्या वडिलांनी) हुकूम काढला: बायकांनी चादर घ्यायची नाही. आधुनिक देश करायचा होता ना. पोलीस रस्त्यात डोक्यावरचं ओढून काढायचे. कित्येक घरांतल्या बायका बाहेर पडेनाशा झाल्या, हमामात जाणंसुद्धा सोडलं. 1941 मध्ये त्याला गादी सोडावी लागली तेव्हा कुठे ती सक्ती ढिली झाली.

दुसरी 8 मार्च 1979. क्रांतीला महिनाही पुरता झाला नव्हता. सरकारी कचेऱ्यांत बायकांनी हिजाब घालून यावं असं क्रांतीचे नेते खोमेनींनी आदल्या दिवशी म्हटलं, आणि महिला दिनाला तेहरानात हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांत शाहच्या विरुद्ध मोर्चे काढताना मुद्दाम चादर घेतलेल्याही होत्या. सरकारने तेव्हा जरा माघार घेतल्यासारखं केलं. मग 1980 मध्ये कचेऱ्या, आणि 1983 मध्ये कायदाच, न घातला तर 74 फटक्यांपर्यंत शिक्षा.

एका सरकारने ओढून काढलं, दुसऱ्याने मारून घालायला लावलं, आणि दोन्ही वेळेला रस्त्यावर उभा होता पोलीस. महसा अमिनीचा फोटो कर्नाटकच्या वादात वापरणाऱ्यांपैकी दोन्ही गटांना मी एवढंच विचारते: उडुपीच्या कॉलेजच्या फाटकात मुलीचा रुमाल काढायला लावणारा आणि तेहरानच्या मेट्रोबाहेर तो नीट करायला लावणारा, यांत तुमचा माणूस कोणता? माझ्या मते दोघेही एकाच कामावर आहेत. पटणार नाही, ठाऊक आहे. आमच्या भिशीतही पटलं नाही.

आणि निष्पक्षभाऊंना: विद्यापीठांत मुली निम्म्याच्या आसपास, काही वर्षं मुलांहून जास्त. इतक्या शिकलेल्या मुलीला रस्त्यात थांबवून ‘केस आत घे’ म्हणायचं, तर ती चिडायला लँग्लीहून, सीआयएच्या मुख्यालयातून, फोन यावा लागतो?

---

निष्पक्ष_इंदूरी

मांडवीकर ताई, उडुपीचा प्रश्न गणवेशाचा आहे, दोन्ही एकात घालू नका. बाकी तंबाखूचं माहीत नव्हतं.

---

मांडवीकर (बडोदे)

1936 लाही ते गणवेशच म्हणत होते. पुरुषांना तर त्याआधीच पहलवी टोपी सक्तीची केली होती. असो, तुमच्या-माझ्यात हे मिटायचं नाही.

---

डॉक्युमेंटवाली (इंदूर)
31 ऑक्टोबर 2022

भाच्याला मांडवीकर ताईंचं उत्तर पाठवलं. अंगठा आला. वाचलंय असं वाटत नाही, पण आज सकाळी ‘सुप्रभात’ एकटंच आलं.

मेलचा मसुदा असा केलाय, इंग्रजीत लिहीन, इथे मराठीत टाकते. दादा, बघाल का?

‘प्रिय खानम, मागितलेली फायटोची कॉपी जोडली आहे. शिक्का अस्पष्ट वाटला तर मूळ कागद पुन्हा स्कॅन करते. सासूबाई ठीक आहेत, भाऊबीजेला हट्टाने पाटावर बसल्या आणि मग दोघांनी धरून उठवावं लागलं. तुमच्या आई कशा आहेत? आम्ही रोज बातम्या पाहतो आणि तुमच्या सर्वांसाठी प्रार्थना करतो. तुमची आठवण या टेबलावर रोज निघते. दिवाळीची रांगोळी व्हॉट्सॲपवर पोचली नसावी, म्हणून फोटो इथे जोडते. यंदा मोर जमला नाही, कमळावर भागवलं.’

---

चिनारवाला (मूळचा रामबाग, हल्ली पुणे)

बातम्या-प्रार्थनेचं वाक्य काढा. बाकी एक अक्षर बदलू नका, सासूबाईंच्या ओळीला तर हातही लावू नका. फोटोची फाइल लहान करा, तिकडे नेट रांगतंय आणि संध्याकाळी जवळजवळ मरतं. त्यांचं घड्याळ आता आपल्या दोन तास मागे आहे, तेव्हा उद्या आपल्या बाराच्या आसपास पाठवा, त्यांचे दहा वाजलेले असतील. फायटो वेगळ्या मेलने, रांगोळी वेगळ्या. पहिला ऑफिसच्या फाइलला लागेल, दुसरा त्या ठेवतील किंवा पुसतील, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.